विश्लेषण : उणीव खेळाडूची की संघाची? अमेरिकी फुटबॉलमधील पारख वारंवार का चुकते?

अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) ही जगातील सर्वाधिक पैसा असलेल्या क्रीडा स्पर्धांपैकी एक. तिथला प्रत्येक संघ नव्या खेळाडूंची पारख करण्यासाठी वर्षभर माणसे राबवतो. उंची, वजन, तळहाताची लांबी, धावण्याचा वेग, जुन्या दुखापती, स्वभाव अशा सगळ्यांची नोंद होते. तरीही १९९व्या क्रमांकावर निवडलेला टॉम ब्रॅडी सात वेळा ‘सुपर बोल’ जिंकतो आणि पहिल्या क्रमांकावर निवडलेला जामार्कस रसेल तीन हंगामांत बाहेर फेकला जातो. दोष मोजण्यात आहे की मोजून काढलेल्या निष्कर्षात?

ड्राफ्ट म्हणजे काय?

आयपीएलच्या लिलावात जास्त बोली लावणाऱ्या संघाला खेळाडू मिळतो. एनएफएलमध्ये बोली नसते. विद्यापीठांच्या संघांतून येणाऱ्या खेळाडूंची निवड दरवर्षी एप्रिलमध्ये ‘ड्राफ्ट’द्वारे होते. लीगमध्ये ३२ संघ आहेत. आधीच्या हंगामात सर्वांत वाईट कामगिरी करणाऱ्या संघाला निवडीची पहिली संधी मिळते, तर विजेत्याला शेवटची. संघांना आपले क्रमांक आपसांत बदलताही येतात. अशा सात फेऱ्यांमध्ये अडीचशेहून अधिक खेळाडू निवडले जातात.

निवडीचा क्रमांक हाच खेळाडूचा पहिला पगार ठरवतो. २०२२मध्ये पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला चार वर्षांसाठी सुमारे पावणेचार कोटी डॉलरचा करार मिळाला. त्याच वर्षी अगदी शेवटी, २६२व्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या ब्रॉक पर्डीचा करार होता चार वर्षांसाठी सुमारे ३७ लाख डॉलरचा, म्हणजे दहापट कमी. दुखापतींमुळे या खेळातील बहुतेकांची कारकीर्द मोजक्या वर्षांची असते. त्यामुळे विशीतल्या मुलाबद्दल एखाद्या अहवालात लिहिलेल्या दोन ओळी त्याची आयुष्यभराची कमाई ठरवू शकतात.

‘कम्बाइन’मध्ये काय तपासतात?

ड्राफ्टआधी फेब्रुवारीच्या अखेरीस इंडियानापोलिस शहरात तीनशेहून अधिक निवडक खेळाडू बोलावले जातात. या चाचणी शिबिराला ‘कम्बाइन’ म्हणतात. तिथे ४० यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरची धाव घेतली जाते. १०२ किलोचा बार छातीवरून किती वेळा उचलता येतो ते मोजतात. उभी उडी, लांब उडी, झटकन दिशा बदलण्याच्या चाचण्या होतात. टीव्हीवर दिसत नाही, पण संघांना सर्वाधिक महत्त्वाची वाटते ती वैद्यकीय तपासणी. शिवाय प्रत्येक संघ खेळाडूंच्या मुलाखती घेतो.

बुद्धीची चाचणीही अनेक वर्षे होत असे. ‘वंडरलिक’ नावाच्या या परीक्षेत १२ मिनिटांत ५० प्रश्न सोडवावे लागत. मैदानावरील कामगिरीशी तिचा संबंध किती, हा वाद कायम होता. अखेर २०२२पासून कम्बाइनमधून ती वगळण्यात आली.

वेगवान म्हणजे चांगला?

याचे उत्तर दोन खेळाडूंच्या उदाहरणांतून मिळते. २००८मध्ये ख्रिस जॉन्सनने ४० यार्ड ४.२४ सेकंदांत पार केले आणि पुढच्याच वर्षी एका हंगामात दोन हजारांहून अधिक यार्ड धावून दाखवले. २०१७मध्ये जॉन रॉसने ४.२२ सेकंदांची वेळ नोंदवून तो विक्रम मोडला. सिनसिनाटी बेंगल्सने त्याला नवव्या क्रमांकावर घेतले. पहिल्या हंगामात त्याने एकही पास झेलला नाही आणि पुढेही तो अपेक्षेला उतरला नाही.

वेग खरा होता, घड्याळही अचूक होते. पण सामन्यात कोणी मोकळ्या मैदानात सरळ रेषेत धावत नाही. समोरचा बचावपटू धक्के देतो, चेंडू वाकडातिकडा येतो, शरीर दुखत असते. स्टॉपवॉचने फक्त एक क्षमता मोजली. खेळाडूबद्दलचा निष्कर्ष संघाने त्यावर स्वतः रचला. ब्रॅडीच्या बाबतीत हेच उलटे घडले. २०००च्या कम्बाइनमध्ये त्याने ४० यार्डांसाठी ५.२८ सेकंद घेतले. तो संथ होता, हे निरीक्षण बरोबरच होते. फक्त त्याच्या कामासाठी ते फारसे महत्त्वाचे नव्हते.

क्वार्टरबॅकची पारख सर्वांत अवघड का?

अमेरिकी फुटबॉलमध्ये चेंडू ताब्यात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकावे लागते. प्रत्येक प्रयत्नाची सूत्रे क्वार्टरबॅककडे असतात. पास फेकायचा तर त्याला मिळतात साधारण अडीच-तीन सेकंद. तेवढ्यात समोरच्या ११ जणांची मांडणी ओळखायची, कोणता साथीदार मोकळा होणार याचा अंदाज बांधायचा आणि अंगावर शंभर-सव्वाशे किलोचे खेळाडू धावून येत असताना चेंडू फेकायचा.

हाताची ताकद मोजता येते, निर्णयशक्ती मोजण्याचे यंत्र नाही. २०२३मध्ये सी. जे. स्ट्राउड या क्वार्टरबॅकचे आकलन-चाचणीतील कमी गुण माध्यमांत फुटले आणि त्याच्यावर शंकांचा मारा झाला. ह्यूस्टन टेक्सन्सने तरीही त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतले. त्याच हंगामात तो आक्रमण विभागातील सर्वोत्तम नवोदित ठरला.

२०१८च्या ड्राफ्टने काय दाखवले?

त्या वर्षी पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक निवडले गेले : बेकर मेफिल्ड (१), सॅम डार्नोल्ड (३), जॉश ॲलन (७), जॉश रोझन (१०) आणि लमार जॅक्सन (३२). पुढच्या सहा-सात वर्षांत हा क्रम जवळपास उलटला.

शेवटी निवडलेला जॅक्सन २०१९ आणि २०२३ या हंगामांत लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ॲलनला २०२४च्या हंगामासाठी हाच मान मिळाला. ॲलनबद्दलचा मोठा आक्षेप नेम चुकण्याचा होता आणि तो खोटा नव्हता. महाविद्यालयात त्याचे शंभरातले सुमारे ५६ पासच साथीदारांच्या हातात पडत. एनएफएलच्या पहिल्या हंगामात हे प्रमाण ५३ टक्क्यांपर्यंत घसरले. बफेलो बिल्सने मात्र त्याला बसवून ठेवले नाही की विकले नाही. फेकण्याच्या तंत्रावर काम झाले, २०२०मध्ये स्टेफॉन डिग्ससारखा कसलेला साथीदार आणला गेला. त्या हंगामात ॲलनचे ६९ टक्के पास यशस्वी झाले. अहवालातील ‘उणीव’ ही कायमची खोट नव्हती, ते राहून गेलेले काम होते.

रोझनच्या वाट्याला असा वेळ आला नाही. ॲरिझोना कार्डिनल्सने एका हंगामानंतर मुख्य प्रशिक्षक बदलला, नव्या प्रशिक्षकाने दुसरा क्वार्टरबॅक निवडला आणि रोझनची मायामीला रवानगी झाली. त्यानंतर तो कुठेच स्थिरावला नाही. तो दुसरीकडे यशस्वी झाला असता का, हे सांगता येत नाही. पण त्याला ‘अपयशी’ ठरवणारा पुरावा एका विस्कटलेल्या संघातील एका वर्षाचा होता, हे विसरता येत नाही.

डार्नोल्डची गोष्ट आणखी बोलकी आहे. न्यूयॉर्क जेट्स आणि कॅरोलिना पँथर्स या दोन संघांत तो फसला. माध्यमांनी त्याला मोडीत काढले. २०२४मध्ये मिनेसोटा वायकिंग्सकडे चांगले प्रशिक्षक आणि दर्जेदार साथीदार मिळताच त्याच खेळाडूने ३५ टचडाउन पास दिले आणि संघाने १७पैकी १४ सामने जिंकले. मेफिल्डही क्लीव्हलँडने सोडून दिल्यानंतर टॅम्पा बेमध्ये पुन्हा उभा राहिला.

पारख करणाऱ्यांचे पूर्वग्रह आड येतात का?

येतात, आणि त्याचा सर्वांत मोठा फटका कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकना बसला. ‘धावतो उत्तम, पण क्वार्टरबॅकची बुद्धी वेगळी’ असे सुचवून अनेकांना दुसऱ्या जागेवर खेळायला लावले गेले. वॉरन मून यांना १९७८च्या ड्राफ्टमध्ये एकाही संघाने निवडले नाही. क्वार्टरबॅकची जागा सोडायची तयारी नसल्याने ते कॅनडात खेळायला गेले, तिथे सलग पाच वेळा विजेतेपद मिळवले आणि १९८४मध्ये एनएफएलमध्ये आले. २००६मध्ये त्यांचा ‘हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला.

काळ बदलला, तरी सूर पुरता बदललेला नव्हता. २०१८च्या ड्राफ्टआधी जॅक्सनने क्वार्टरबॅकऐवजी पास झेलणारा खेळाडू व्हावे, असे एनएफएल संघाचे नामवंत माजी व्यवस्थापक बिल पोलियन जाहीरपणे म्हणाले होते. हा सल्ला जॅक्सन विद्यापीठ फुटबॉलचा सर्वोच्च वैयक्तिक पुरस्कार, ‘हाइझमन ट्रॉफी’, क्वार्टरबॅक म्हणून जिंकल्यानंतरचा होता. बाल्टिमोर रेव्हन्सने उलटा विचार केला. खेळाडूला साच्यात कोंबण्याऐवजी त्यांनी त्याच्या धावण्याभोवती संपूर्ण आक्रमण बांधले. जी गोष्ट इतरांच्या अहवालात ‘पण’नंतर येत होती, तीच त्यांची ताकद झाली.

आकडेवारीने पारख सुधारली का?

काही अंशी नक्कीच. आज खेळाडूंच्या खांद्यावरील पॅडमध्ये चिप असते. त्यामुळे प्रत्यक्ष सामन्यातील वेग आणि दोन खेळाडूंमधील अंतर कळते. प्रत्येक पास किती अवघड होता हेही मोजता येते. ‘प्रो फुटबॉल फोकस’सारख्या संस्था प्रत्येक चालीत प्रत्येक खेळाडूला उणे दोन ते अधिक दोन असे गुण देतात. चेंडूला हात न लावता वाट मोकळी करून देणाऱ्या खेळाडूचे कामही त्यामुळे दिसू लागले.

मात्र या गुणांमागेही माणसाचाच अंदाज असतो. त्या चालीत प्रशिक्षकाने खेळाडूला नेमके काय सांगितले होते, हे बाहेरून पाहणाऱ्याला कळत नाही. पास चुकला, तर फेकणारा चुकला की धावणारा चुकीच्या दिशेने गेला? पर्डीबद्दलचा वाद याच प्रकारचा. शेवटच्या क्रमांकावर निवडलेल्या या क्वार्टरबॅकने सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सला फेब्रुवारी २०२४च्या सुपर बोलपर्यंत नेले. श्रेय त्याचे की प्रशिक्षक काइल शॅनाहन यांच्या पद्धतीचे, यावर चाहते आजही भांडतात. संघाने मात्र २०२५मध्ये त्याच्याशी पाच वर्षांचा २६.५ कोटी डॉलरचा करार केला.

मग ही सगळी पारख निरुपयोगी आहे का?

तसे म्हणणे चूक ठरेल. सरासरी पाहिली, तर पहिल्या फेरीतले खेळाडू सातव्या फेरीतल्यांपेक्षा सरस ठरतात. ब्रॅडी आणि पर्डी हे अपवाद आहेत, म्हणूनच ते लक्षात राहतात. स्काउट मंडळींना ढोबळ फरक नीट कळतो, अडचण आहे ती बारीक फरकाबद्दलच्या फाजील आत्मविश्वासाची.

अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर आणि केड मॅसी यांनी ड्राफ्टचा अभ्यास करून नेमके हेच दाखवले. एकाच जागेवर खेळणाऱ्या, लागोपाठ निवडलेल्या दोन खेळाडूंपैकी आधी निवडलेला सरस ठरण्याची शक्यता सुमारे ५२ टक्के निघाली. नाणेफेकीपेक्षा जेमतेम बरी. तरीही वरचा क्रमांक मिळवण्यासाठी संघ पुढच्या फेऱ्यांतील अनेक संधी उधळतात. थेलर यांना २०१७मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या निष्कर्षांनंतरही संघांची ही सवय सुटलेली नाही.

काय बदलायला हवे?

पहिले म्हणजे अहवालाची भाषा. ‘नेम कच्चा’ हे निरीक्षण झाले, ‘याला जमणार नाही’ हे भाकीत. दोन्ही एकाच दमात लिहिले की भाकिताला निरीक्षणाचे वजन येते. प्रत्येक उणिवेपुढे दोन प्रश्न हवेत : ही सुधारता येण्यासारखी आहे का, आणि ती सुधारण्याची व्यवस्था आपल्याकडे आहे का? पॅट्रिक माहोम्सला २०१७मध्ये दहाव्या क्रमांकावर घेणाऱ्या कॅन्सस सिटी चीफ्सने त्याला पहिले वर्षभर अनुभवी ॲलेक्स स्मिथच्या मागे शिकू दिले. त्याच ड्राफ्टमध्ये शिकागो बेअर्सने माहोम्सऐवजी मिचेल ट्रुबिस्कीला दुसऱ्या क्रमांकावर घेऊन पहिल्याच हंगामात मैदानात उतरवले. चार हंगामांनंतर तो शिकागोतून बाहेर पडला.

दुसरे म्हणजे हिशेब दोन्ही बाजूंचा हवा. खेळाडू फसला की ‘बस्ट’ हा शिक्का त्याच्याच नावापुढे लागतो. एकाच संघात लागोपाठ तीन-चार क्वार्टरबॅक फसतात, तेव्हा त्या संघालाही कोणीतरी गुण द्यायला हवेत.

पारख करणाऱ्याची चूक पुढच्या ड्राफ्टमध्ये दुरुस्त होऊ शकते, कारण संघाला दरवर्षी नवी संधी मिळते. खेळाडूला पहिली संधी एकदाच मिळते. म्हणून त्याच्या अहवालात उणीव लिहिताना हात थोडा जड असलेलाच बरा.