सावधगिरीच्या पुढचा धडा

शाळाशाळांतून सायबर सुरक्षेची व्याख्याने होतात. ओटीपी कोणाला सांगू नका, अनोळखी रिक्वेस्ट स्वीकारू नका, फसवणूक झाली तर १९३० वर फोन करा, असे मुलांना बजावले जाते. हे आवश्यकच आहे. पण या सगळ्यात विद्यार्थी दिसतो तो फक्त सावज म्हणून. त्याच्या हातूनही कोणाचे नुकसान होऊ शकते, याची चर्चा क्वचितच होते. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयोगटातल्या सोशल मीडिया वापरणाऱ्या मुलांपैकी ६२ टक्क्यांना प्रोफाइल ब्लॉक किंवा रिपोर्ट करणे माहीत होते, ५५ टक्क्यांना ते प्रायव्हेट करणे. स्वतःभोवती कुंपण कसे घालायचे, हे निम्म्याहून अधिक मुलांना कळते. वर्गातल्या मुलीचा फोटो विद्रूप करून ग्रुपवर टाकला गेला, तर बाकीच्यांनी काय करायचे, याचे उत्तर मात्र कुठल्याच सेटिंगमध्ये सापडत नाही.

नुसत्या सावधगिरीने काय होऊ शकते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते मंगळवेढा भागातले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेवर पोट भरणारे लोक होते. टोळीची अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होती. ती पुढे धाडणाऱ्या अनेकांना आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांना सावध करतो आहोत असेच वाटले असणार. भीती होती, तत्परताही होती. नव्हता तो एकच प्रश्न, की हे खोटे निघाले तर कोणाच्या जिवावर बेतेल? त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. त्याने वेग कमी होतो, विवेक येत नाही. तो शिकवण्याचा एक प्रयत्न त्याच वर्षी केरळातल्या कन्नूर जिल्ह्याने केला. गोवर-रुबेला लसीबद्दलच्या अफवांनी प्रशासन हैराण झाले होते. तेव्हा सुमारे दीडशे सरकारी शाळांत खोटी बातमी ओळखण्याचे तास घेण्यात आले.

यावर म्हटले जाते की, मुलांच्या हातून फोनच काढून घ्या. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५पासून सोळा वर्षांखालच्यांना सोशल मीडियावर खाते ठेवण्यास मनाई केली. पण अशा बंदीने प्रश्न पुढे ढकलला जातो. सोळाव्या वर्षी खाते उघडणारा मुलगा जबाबदारीचे भान सोबत घेऊन येईलच असे नाही. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: ‘जबाबदार वर्तन’ या नावाखाली मुलांना गप्प बसायला शिकवले जाईल. ही भीती निराधार नाही. नोव्हेंबर २०१२मध्ये पालघरच्या दोन तरुणींना बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून आणि ती लाइक केल्यावरून अटक झाली होती. त्या प्रकरणात लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्ये रद्द केले. म्हणूनच वर्गात पालघर आणि राईनपाडा दोन्ही शिकवले पाहिजेत. सत्तेला न रुचणारे मत मांडणे आणि दुबळ्या माणसाच्या जिवाशी खेळणारी अफवा पसरवणे यांतला फरक ज्याला कळला, त्याला नियमांची लांबलचक यादी लागत नाही.

शिक्षकांवर आधीच कामांचा डोंगर आहे, हेही खरे. मात्र यासाठी नवा विषय, नवी परीक्षा नको. मराठीच्या तासाला बातमी लिहिताना ‘हे तुला कोणी सांगितले?’ असे विचारता येते. इतिहासात साधनांची पारख शिकवलीच जाते, तीच फॉरवर्डला लावता येते. सुरुवात शाळेने स्वतःपासून करावी. २०२३चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्यांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती मागतो. शाळांच्या सोशल मीडियावरच्या पानांवर मात्र मुलांचे फोटो सर्रास झळकतात. यापुढे कार्यक्रमाचा फोटो टाकण्याआधी शाळेने पालकांना विचारावे, मुलांनाही विचारावे आणि एखादे मूल नको म्हणाले तर फोटो टाकू नये. आपल्या नकाराला किंमत आहे हे ज्याने अनुभवले, त्याला दुसऱ्याच्या नकाराचा मान राखायला शिकवणे सोपे जाते.