पोळी सोडण्याआधी तपासणी

लोहाच्या गोळ्या घेऊनही घरातील ज्येष्ठांचे हिमोग्लोबिन चढत नाही, वजन उतरत जाते, हाडे ठिसूळ होतात. अशा वेळी कोणीतरी सुचवते, 'गहू बाधत असेल, पोळी बंद करून पाहा.' ज्वारीची भाकर आणि भंडारा-गोंदियाचा तांदूळ हाताशी असलेल्या नागपूरकरांना हा उपाय सोपा वाटतो. तरीही आपणांस विनंती की, तपासणी होईपर्यंत पोळी सोडू नये.

सीलिएक म्हणजे ॲलर्जी नव्हे. गहू व जव यांतील ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्नरस शोषणारे सूक्ष्म अंकुर झिजतात. हा बालपणीचाच रोग, हा समज जुना आहे. साठीनंतरही त्याचे निदान होते. त्या वयात जुलाब असतीलच असे नाही, कधी नुसता रक्तक्षयच दिसतो.

पहिली तपासणी रक्ताची, टीटीजी-आयजीए. सोबत एकूण आयजीए मोजून घ्यावे. ते मुळातच कमी असलेल्यांचा अहवाल खोटा दिलासा देतो. गहू बंद केल्यावर ही प्रतिपिंडे ओसरतात. ज्यांनी आधीच पथ्य धरले, त्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे रोज पोळी खावी लागते, आणि पोट दुखते त्याला ते जड जाते. त्यांच्यासाठी एचएलए ही जनुकीय चाचणी उपयोगी आहे: ती नकारात्मक आली तर सीलिएक जवळजवळ नाहीच. सकारात्मक आली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण ती जनुके अनेक निरोगी माणसांतही असतात.

खरा पेच पुढचा. रक्ताचा अहवाल सकारात्मक आला. आता तोंडावाटे दुर्बीण घालून आतड्याचे चार-सहा कण काढायचे का? 'या वयात कशाला?' हा प्रश्न घरोघरी उठतो. माझे मत असे की, प्रकृती झेपणारी असेल तर करावी. पथ्य आजन्म आहे. सत्तरीतल्या माणसाच्या पानातून पोळी, रोडगे, शेवयांची खीर केवळ संशयावरून काढून घेणे बरे नव्हे. शिवाय आतड्याची अशीच झीज अन्य कारणांनीही होते. ओल्मेसार्टन हे रक्तदाबाचे औषध त्यांपैकी एक, आपल्याकडचा ट्रॉपिकल स्प्रू दुसरे. आणि रक्तक्षयाचे मूळ जठरातील व्रणात किंवा मोठ्या आतड्यातील रक्तस्रावात असेल, तर गव्हाला दोष देण्यात मोलाचा वेळ जातो.

अतिशय क्षीण किंवा हृदयविकाराने खिळलेल्या रुग्णाची गोष्ट निराळी. प्रतिपिंडे फारच वाढलेली असल्यास दुर्बीण टाळून, पोटविकारतज्ज्ञाच्या सल्ल्याने थेट पथ्य सुरू करणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय ठरतो. मात्र तो रुग्णाला विचारून घ्यावा, त्याच्या माघारी नव्हे.

दुर्बिणीपूर्वी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या व इन्सुलिन यांविषयी डॉक्टरांना अवश्य सांगावे. स्वतःहून काही थांबवू नये. निदान पक्के झाले तर भावंडे व मुले यांचीही रक्ततपासणी करावी, कारण अशा जवळच्या नात्यात दहातील साधारण एकाला हा विकार आढळतो. ज्वारी चक्कीवर गव्हामागून दळली तर पीठ मिसळते, म्हणून ती घरी दळावी. आणि हिंगाची डबी उलटून वाचावी. बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो.