यीस्ट फ्रिजमध्येच!

बिअरवर हल्ली पुण्यात प्रत्येकाचं मत असतं. शुक्रवारी रात्री मुंढव्यात जाऊन बसा, शेजारच्या टेबलावरचा आयटीवाला वेटरला ‘आयबीयू किती?’ असं विचारताना ऐकू येईलच. २००९ साली पुण्यात डूलाली सुरू झाली आणि आपल्याकडे ताज्या बिअरचं प्रकरण खऱ्या अर्थाने पेटलं. (जाता जाता : हा शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचाच. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघून बघून तिथल्या छावणीतले गोरे सोल्जर सटकायचे म्हणे, म्हणून इंग्रजीत डूलाली म्हणजे डोकं फिरलेला!)

पण पिणं वेगळं, करणं वेगळं. घरी बिअर करणारा माझ्या ओळखीत एकच, माझा मावसभाऊ. मूळचा लोणी काळभोरचा, सध्या मुक्काम न्यू जर्सी. तिथे बेसमेंटमध्ये दादाचा घाट चालू असतो. गेल्या डिसेंबरात तीन आठवडे घरी आला, तेव्हा त्याच्या बॅगेत चॉकलेटं, मावशीसाठी गुडघ्याचा पट्टा आणि साडेअकरा ग्रॅमची दोन चपटी पाकिटं होती. ड्राय एल यीस्ट.

मी लगेच नोटबुक काढलं. कॉलमवाल्यांची खोड!

दादा ‘पार्शल मॅश’वाला आहे. म्हणजे काय, तर नवशिके डब्यातला माल्टचा तयार पाक आणतात, पाण्यात ढवळतात, उकळतात. पट्टीचे लोक सगळी साखर धान्यातूनच काढतात, त्याला मोठी भांडी आणि अख्खा दिवस लागतो. पार्शल मॅश हा मधला रस्ता. दोनेक किलो भरडलेलं बार्लीचं माल्ट कापडी पिशवीत बांधायचं, पाच-सहा लिटर पाण्यात ६६-६७ अंशांवर तासभर ठेवायचं. माल्टमधली एन्झाइम्स स्टार्च तोडून साखर करतात. पाणी फार तापलं की एन्झाइम्स मरतात, फार निवलं की काम रेंगाळतं. मग पिशवी गरम पाण्याने धुऊन निथळायची, त्या गोड पाण्यात उरलेला डब्यातला पाक घालायचा, हॉप्स टाकून तासभर उकळायचं, झटपट थंड करायचं आणि यीस्ट. एका वेळी १९ लिटर.

आणि ड्राय यीस्टच का? कारण ते बिचारं सोशिक असतं. द्रव यीस्ट प्रवासात उन्हाने लवकर दमतं, हे कोरडं पाकीट फ्रिजमध्ये महिनोन्‌महिने राहतं. वरून नुसतं भुरभुरवलं तरी चालतं. त्याला हवं फक्त अठरा ते बावीस-तेवीस अंशांचं हवामान. पुण्यात डिसेंबर-जानेवारी, बस. मे महिन्यात सोलापूर रोडवर हा उद्योग करायचा तर एसीचं बिल यीस्टच्या नावाने फाडावं लागेल.

हे सगळं मावशी भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, ‘‘अरे, हे तर नाचणीचं झालं!’’

आणि बॉस, खरंच! मोड आणून वाळवलेल्या नाचणीच्या पिठाची खीर साध्या पिठापेक्षा पातळ होते, म्हणून बाळाला ती सोपी जाते. पातळ का होते? तीच एन्झाइम्स स्टार्च तोडतात म्हणून. भिजवणं, मोड आणणं, वाळवणं... माल्टिंग म्हणतात ते हेच. युगांडात तर नाचणीचीच बिअर करतात, माल्वा नावाची, आणि मंडळी एकाच मडक्याभोवती बसून लांब नळ्यांनी ती ओढतात. दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. इतकी वर्षं आईच्या डब्यात माल्ट होतं!

‘‘मग करू या का इथे?’’ तो म्हणाला.

‘‘इथे नाही,’’ मावशी म्हणाली. आवाज चढवला नाही, पण भाजीची सुरी खाली ठेवली.

कायद्याने ती बरोबर आहे. १९४९चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे. त्यात परवान्याशिवाय दारू बनवणं हा गुन्हा, तुरुंगात जाण्याइतका. स्वतःपुरती, विकणार नाही, फक्त बिअर, असली कारणं चालत नाहीत. तिकडे अमेरिकेत १९७८ साली कार्टर यांनी सही केली आणि घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटर बिअर घरच्यासाठी करायला केंद्राची मोकळीक मिळाली.

पण मावशीचा मुद्दा कलमांचा नव्हताच. तिच्यासाठी ‘घरी केलेली’ म्हणजे हातभट्टी. गूळ, नवसागर, ट्यूबमधून येणारा वास आणि पगाराच्या दिवशी दाराशी उभ्या बायका. दादाने समजावलं, की हातभट्टी उकळून गाळतात, बिअर नुसती आंबते. २०१५ साली मालवणीत शंभरावर माणसं गेली ती दारूत मिथेनॉल होतं म्हणून, बिअरमध्ये तो प्रकार नाही. सगळं खरं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘‘गल्लीतल्या पोरांना हे कोण समजावणार? त्यांना एवढंच दिसेल, की काळभोरांच्या गल्लीत अमेरिकेहून आलेला घरी काढतो.’’

मला विचाराल तर घरगुती बिअरसाठी छोटं लायसन्स हवंच. मायक्रोब्रुअरीला मिळतं, तर एका पातेल्याला का नको? पण त्या स्वयंपाकघरात हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. मावशीने गल्लीतले संसार पाहिलेत, मी मुंढव्यातलं मेन्यूकार्ड.

दादाने वाद घातला नाही. पाकिटं लिंबाच्या लोणच्यामागे गेली. जाताना तो ती परत घेऊन गेला, आणि सोबत मावशीने बांधून दिलेली किलोभर मोडाची, वाळवलेली नाचणी. पीठ नको, नाहीतर मॅशचा चिखल होतो. गिरणीवाल्याला तिनेच बजावलं होतं, ‘‘दळू नकोस रे, नुसती भरड.’’

तो पुढचा बॅच फेब्रुवारीत लावणार होता. ‘कशासाठी हवीय’ हे मात्र गिरणीवाल्याला कुणीच सांगितलं नाही.