चाहता आहे, पण संघ टिकतो का?

फुटबॉलची गोडी लागली की पाठोपाठ एक प्रश्न येतो. आपला संघ कोणता? कोलकाता किंवा कोल्हापूरमध्ये हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. तो पडतो मुंबई, ठाणे, पुणे, नाशिकच्या तरुणांना आणि गेली पंचवीस वर्षे त्याचे उत्तर बहुधा मँचेस्टर, लिव्हरपूल किंवा लंडन येथून येत आहे. दादर-माहीममध्ये वाढलेल्या मुलाने आर्सेनलच्या पराभवाने रात्रभर तळमळावे आणि अंधेरीत आपल्याच शहराचा संघ खेळतो आहे याची मात्र त्याला गंधवार्ता नसावी, या विसंगतीवर टीका पुष्कळ होते. परदेशी वस्तूंचे आकर्षण, असे म्हणून विषय संपवलाही जातो. परंतु या मुलाने स्थानिक संघ निवडला असता तर त्याच्या पदरात काय पडले असते, याचा विचार फारसा कोणी केलेला नाही.

कोल्हापुरात संघ निवडावा लागत नाही, तो पेठ ठरवते. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा तालीम, प्रॅक्टिस क्लब ही नावे तेथे घराच्या पत्त्यासारखी वापरली जातात. कुस्तीसाठी निघालेल्या तालमींनी फुटबॉल आपलासा केला आणि गणेशोत्सवातील पेठांची ईर्षा छत्रपती शाहू स्टेडियमच्या गॅलरीत येऊन बसली. या ईर्षेपोटी हाणामाऱ्या झाल्या, सामने थांबवावे लागले, हेही खरे. तिचे कौतुक करताना ते विसरून चालणार नाही. कोलकात्यातही घराण्याचे मूळ गाव पाहून संघ ठरत आला. १८८९मध्ये स्थापन झालेला मोहन बागान पश्चिम बंगालच्या मूळ रहिवाशांचा, तर १९२०मधील ईस्ट बंगाल पूर्वेकडून आलेल्यांचा. जिंकल्यावर कोळंबी आणायची की हिलसा, येथपर्यंत हा भेद गेला. आता तो पूर्वीइतका काटेकोर राहिलेला नाही, पण पुसलाही गेलेला नाही.

मुंबईची गोष्ट वेगळी आहे. येथे फुटबॉल नव्हता असे नाही. १८९१पासून सुरू झालेली रोव्हर्स करंडक स्पर्धा २०००-०१च्या मोसमापर्यंत मुंबईत होत होती आणि कूपरेजच्या मैदानाने देशातील नामवंत संघ पाहिले. मात्र मुंबईचे स्वतःचे बलाढ्य संघ मोहल्ल्यातून आले नाहीत, ते आले कंपन्यांमधून. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्र ही त्यांची नावे. खेळाडूला नोकरी मिळे, कंपनीला नाव मिळे. व्यवस्था वाईट नव्हती, अनेक खेळाडूंचे संसार तीवर उभे राहिले. पण संघाचा मालक प्रेक्षक नव्हता, व्यवस्थापन होते. व्यवस्थापनाचा विचार बदलला की संघ संपला.

महिंद्र युनायटेडचे तेच झाले. १९६२पासून चालत आलेल्या या संघाने २००५-०६मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, २००८मध्ये ड्युरँड करंडक पुन्हा आपल्याकडे आणला आणि २०१०मध्ये तो बंद करण्यात आला. पुण्यात २००७मध्ये उभा राहिलेला पुणे एफसी तर कागदावर सर्व काही योग्य करत होता. मुलांसाठी अकादमी, व्यावसायिक प्रशासन, बालेवाडीचे मैदान. २०१५मध्ये त्याचाही वरिष्ठ संघ विसर्जित झाला. ज्या पुणेकरांनी इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटीला आपले मानले, त्यांना पाच मोसम मिळाले. २०१७-१८मध्ये हा संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला होता. २०१९मध्ये आर्थिक अडचणींमुळे तो गुंडाळला गेला आणि त्याची लीगमधील जागा हैदराबादकडे गेली. बारा वर्षांत एका शहरातील चाहत्याने दोनदा मनापासून संघ स्वीकारला आणि दोन्ही वेळा तो त्याच्या हातून गेला. तिसऱ्यांदा त्याने लिव्हरपूलकडे पाहिले, तर त्याला दोष कसा द्यावा?

गोव्याचे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण तेथे मैदानावरचे यशही कामी आले नाही. २००६-०७ ते २०१२-१३ या सात मोसमांत राष्ट्रीय विजेतेपद एकदाही गोव्याबाहेर गेले नाही. धेंपो चार वेळा, चर्चिल ब्रदर्स दोनदा आणि साळगावकर एकदा. सुपर लीगला देशातील सर्वोच्च दर्जा द्यायचा आणि तीत बढती-पदावनती ठेवायची नाही, अशी योजना पुढे आली, तेव्हा निषेध म्हणून साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो हे तिन्ही संघ २०१६मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. धेंपो पुन्हा राष्ट्रीय पातळीवरील आय-लीगमध्ये दिसला तो २०२४-२५मध्ये.

या पार्श्वभूमीवर इंग्लंडचा संघ निवडणारा भारतीय चाहता बराच व्यवहारी दिसतो. शनिवारचे दुपारी तीनचे इंग्लिश सामने येथे हिवाळ्यात रात्री साडेआठला आणि तेथील उन्हाळी वेळेत साडेसातला सुरू होतात. म्हणजे ऐन जेवणाच्या वेळी. चॅम्पियन्स लीगसाठी जागरण करावे लागते, प्रीमियर लीगसाठी नाही. चाहत्याचा संघ कळला की त्याचे वयही साधारण सांगता येते. १९९९मध्ये मँचेस्टर युनायटेडने एकाच मोसमात तीन विजेतेपदे मिळवली, त्या सुमारास टीव्हीसमोर बसलेली पिढी युनायटेडची झाली. २००३-०४मध्ये आर्सेनल लीगमध्ये एकही सामना हरला नाही. अब्रामोविच यांनी २००३मध्ये विकत घेतलेला चेल्सी पुढे लागोपाठ दोनदा विजेता ठरला. २००५मध्ये इस्तंबूलला मिलानविरुद्ध मध्यंतराला ०-३ असा मागे पडलेला लिव्हरपूल पेनल्टींवर जिंकला. प्रत्येक घटनेने आपापले चाहते भरती केले. जो पहिल्यांदा जिंकताना पाहिला तो आपला, इतकाच त्यामागचा हिशेब. पुढे त्याच संघाने दहा-दहा वर्षे निराशा केली तरी ही मंडळी त्याला सोडत नाहीत, ही बाब टीकाकारांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

भारतीय संघाचा कर्णधार सुनील छेत्री याने जून २०१८मध्ये नेमक्या याच मंडळींना साद घातली होती. मुंबईत चायनीज तैपेईविरुद्ध भारत ५-० असा जिंकला, छेत्रीने हॅट्ट्रिक केली आणि प्रेक्षक होते अडीच हजारांच्या आसपास. त्यानंतर त्याने चित्रफीत प्रसिद्ध करून युरोपीय क्लबांच्या चाहत्यांना सांगितले, की आमचा दर्जा तेथवर नाही हे मान्य, तरीही मैदानावर या, शिव्या द्या, पण या. केनियाविरुद्धच्या पुढच्याच सामन्याची तिकिटे संपली. भर पावसात भारत ३-० असा जिंकला. प्रेक्षक आणता येतो, हे त्या रात्री दिसले. तो टिकवण्याचे काम कर्णधाराचे नव्हते.

मुंबईला २०१४पासून मुंबई सिटी एफसी आहे आणि त्याने २०२०-२१ व २०२३-२४मध्ये सुपर लीगचे जेतेपद मिळवले आहे. २०१९मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने त्यात ६५ टक्के हिस्सा घेतला, तेव्हा परदेशी आणि स्थानिक निष्ठा एकत्र येतील अशी आशा अनेकांना वाटली. डिसेंबर २०२५मध्ये हा समूह बाहेर पडला. त्याच महिन्यात लीगच्या हक्कांचा २०१०पासूनचा पंधरा वर्षांचा करार संपला आणि या पेचात २०२५-२६चा मोसम वेळेवर सुरूच होऊ शकला नाही. या कोणत्याही निर्णयात तिकीट काढून येणाऱ्याला कोणी विचारले नाही.

इंग्लंडमध्येही मालक मनमानी करतात. फरक पुढच्या टप्प्यात आहे. विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्सला हलवण्यास २००२मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा क्लब काढला, तळाच्या स्पर्धांपासून सुरुवात केली आणि २०११मध्ये तो मुख्य लीग व्यवस्थेत पोहोचवला. एप्रिल २०२१मध्ये जाहीर झालेल्या युरोपियन सुपर लीगमधून सहाही इंग्लिश क्लब चाहत्यांच्या रोषामुळे तीन दिवसांच्या आत मागे फिरले. जर्मनीत तर क्लबचे बहुमत सभासदांकडेच राहावे, असा नियम आहे. आपल्याकडे असा क्लब काढायचा म्हटले, तरी वर चढत जाण्याची शिडी आजवर धड उभी राहिलेली नाही. २०२२-२३च्या आय-लीग विजेत्यालाच प्रथम सुपर लीगचे दार उघडले.

कोल्हापूरच्या तालमी मात्र या सगळ्या व्यवस्थेच्या बाहेर आहेत. राष्ट्रीय लीगमध्ये त्यांना स्थान नाही आणि त्यांचा मोसम जिल्ह्याबाहेर क्वचितच कोणी पाहतो. तरीही २०१७मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा आहे.