दोन रौप्यमुद्रांची काठी

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आलेला माझा पुतण्या चार दिवस आमच्या मुरारच्या घरी एका जाड पुस्तकात डोके घालून बसला होता. तो अभ्यास करतो आहे असे समजून मी मनातल्या मनात त्याचे कौतुकही करून टाकले. मुख्याध्यापकाची ही खोड जात नाही. पुस्तक निघाले 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या नियमांचे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ साली हा खेळ काढला. मित्रांनी एकत्र बसून कोणी योद्धा, कोणी मांत्रिक व्हायचे, एकाने कथा पुढे न्यायची आणि घाव किती बसला हे फाशांवर ठरवायचे.

"काका, मी मांत्रिक झालो म्हणून माझ्या वाट्याला काठी आली. तलवारीपुढे तिचे काय चालणार?" असे म्हणून त्याने मला कोष्टक दाखविले. लांब तलवारीची किंमत पंधरा सुवर्णमुद्रा, काठीची दोन रौप्यमुद्रा. काठी एका हाताने मारली तर सहा अंकांचा फासा, दोन्ही हातांनी मारली तर आठांचा. तलवारीला तेच आठ आणि दहा.

किंमत स्वस्त लावली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. स्वस्त म्हणूनच तर काठी टिकली. १८७८ च्या शस्त्रकायद्याने इंग्रजी मुलखात परवान्याशिवाय तलवार, भाला, धनुष्यबाण घेऊन फिरणे गुन्हा ठरले. त्या वेळी आमचे मुरार इंग्रजांची छावणीच होते. १८८६ साली ते किल्ल्यासह शिंद्यांकडे परत आले. गुराख्याच्या, वाटसरूच्या, म्हाताऱ्याच्या हातातली काठी काढून घेणे मात्र कोणत्याच सरकारला जमण्यासारखे नव्हते. आखाड्यांनी तिच्याच आश्रयाने पवित्रे आणि पदन्यास जपले. १९१४ साली अमरावतीस वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभारले आणि १९३६ साली त्या मंडळाचे पथक बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आले. दांडपट्ट्याला २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्राच्या राज्यशस्त्राचा मान मिळाला. काठीला असा मान कोण देणार? ती शस्त्रात मोडते की नाही, इथूनच वाद.

फाशांबद्दल मात्र माझे भांडण आहे. तलवारीला एक मूठ आणि एक टोक. काठीची दोन्ही टोके मारू शकतात आणि मधला भाग वार अडवतो. हात सरकवला की तीच काठी लांब होते, तीच आखूड होते. १५९९ साली जॉर्ज सिल्व्हर नावाच्या इंग्रजाने शस्त्रविद्येवर लिहिताना तलवार व खंजीर घेतलेल्या दोघांपेक्षा काठीवाल्या एकट्याचे पारडे जड ठरविले होते. त्याची काठी आपल्याहून लांब, आठनऊ फुटी होती, हेही सांगितले पाहिजे.

हे व्याख्यान चालू असता आई उठून आत गेली. तिचे माहेर अमरावतीचे. मुलीपणी ती काठी शिकली आहे. वय अठ्ठ्याहत्तर. दाराआडची भरीव वेळूची काठी घेऊन ती अंगणात आली, नातवाला म्हणाली, "उभा राहा. हलू नकोस हं." एक पाय मागे गेला, काठी डोक्यावरून फिरली, वाऱ्याचा आवाज झाला आणि टोक पोराच्या कानापासून दोन बोटांवर येऊन थांबले. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला. मग हळूच त्याने विचारले, "आजी, थांबवलेल्या वाराचे गुण किती?"

"शिकवताना आम्हाला आधी थांबवायलाच शिकवत," आई म्हणाली. "आणि ज्याच्या हाती काठी नाही, त्याच्यावर उगारायची नाही."

हे वाक्य मी बालपणी अनेकदा ऐकले होते. तरीही नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी वर्गात छडी नेत असे. एका मुलाने हात पुढे केला, तो मागे घेतला नाही, रडलाही नाही. फक्त माझ्याकडे पाहत राहिला. त्याच्या हाती काही नव्हते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेस बंदी केली, तेव्हा माझी छडी कपाटात जाऊन काही वर्षे झाली होती. पण ती मी कायद्याआधी ठेवली, याचे श्रेय मला घेता येत नाही. तो मुलगा आज भेटला तर काय बोलावे, हे मला सुचत नाही. आईला मी हे कधी सांगितलेले नाही. हे सदर ती चष्मा लावून वाचते, म्हणजे आता कळेलच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या अंगणात काठी फिरवीत होता. तुळशीच्या कुंडीचा काठ उडाला. आईने काठी काढून घेतली नाही; कुंडी तेवढी कोपऱ्यात सरकवायला लावली.