माहिती फुटते आपली, दंड जातो सरकारी तिजोरीत

केंद्र सरकारने २०१३ मध्ये पहिले राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरण जाहीर केले. पाच वर्षांत पाच लाख प्रशिक्षित तज्ज्ञ तयार करण्याचे उद्दिष्ट त्यात होते. १५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी नव्या धोरणाचे सूतोवाच केले. पुढची अनेक वर्षे ते लोकांसमोर आलेच नाही.

हल्ले मात्र थांबले नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बंद पडले आणि रुग्णनोंदणी कित्येक दिवस हाताने करावी लागली. जून २०२३ मध्ये लसीकरण घेतलेल्यांची माहिती टेलिग्रामवर सहज मिळत असल्याचे उघड झाले. कोविन पोर्टल सुरक्षित आहे, हे सरकारचे उत्तर.

अशी घटना घडली की सहा तासांत कळवा, असे सर्ट-इन या सरकारी यंत्रणेचे एप्रिल २०२२ चे निर्देश सांगतात. कळवायचे कोणाला? सर्ट-इनलाच. ज्याची माहिती गेली, त्याला सांगण्याचे बंधन त्यात नाही. ते बंधन २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आणले. दंडही जबर आहे, २५० कोटी रुपयांपर्यंत. पण हा दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो. पीडिताला त्यातला रुपयाही नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्यातले नुकसानभरपाईचे कलम ४३-अ काढून टाकण्याची तरतूद याच कायद्यात आहे.

याची झळ कोणाला बसते? ज्याच्याकडे पैसा आहे तो एखाद्या अ‍ॅपला माहिती द्यायला नकार देऊ शकतो. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या आपल्या मुलामुलींना ती सोय नाही. आधार, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे तपशील दिले नाहीत तर शिक्षणच अडते. शिवाय सरकारी लाभासाठी एकदा दिलेली माहिती दुसऱ्या सरकारी लाभासाठी वापरण्याची मुभा कलम ७ मध्ये आहे. म्हणजे जो सरकारवर जास्त अवलंबून, त्याची माहिती जास्त ठिकाणी. "तुमची शिष्यवृत्ती अडकली आहे, ओटीपी सांगा" या फोनला बळी पडणाऱ्याला अडाणी ठरवणे मला म्हणूनच पटत नाही.

पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करा. वेळेत कळवले तर रक्कम पुढे जाण्याआधी रोखता येऊ शकते. आणि शिष्यवृत्ती थकली म्हणून आपण समाजकल्याण कार्यालयावर मोर्चा नेतो, तेव्हा निवेदनात दोन मागण्या आणखी लिहा. या पोर्टलचे सुरक्षा ऑडिट शेवटचे कधी झाले, ते जाहीर करा. आणि माहिती फुटल्यास विद्यार्थ्याला भरपाई द्या.