बसच्या वेळेपलीकडचे महाविद्यालय
मेहकर परिसरातील विद्यार्थी-पालकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. कुलगुरू, तसेच बीदर जिल्ह्यातील पदवी महाविद्यालयांचे मा. प्राचार्य

विषय : ऑनलाइन माध्यमातून खेड्यांतील विद्यार्थ्यांना महाविद्यालयीन जीवनात सहभागी करून घेण्याबाबत.

महोदय,

भालकी तालुक्यातील मेहकर व आसपासच्या गावांतून आमची मुले बसने महाविद्यालयात जातात. 11 जून 2023 रोजी सुरू झालेल्या, कर्नाटक सरकारच्या मोफत बसप्रवासाच्या ‘शक्ती’ योजनेने मुलींचे भाडे वाचले. बसची वेळ मात्र पाळावीच लागते. शेवटचा तास संपला की धावत थांबा गाठायचा. वक्तृत्वाची तालीम, खेळाचा सराव, राष्ट्रीय सेवा योजनेची बैठक त्यानंतर सुरू होते. तीन वर्षे हजेरी भरते, पदवीही मिळते, पण महाविद्यालय आपले वाटत नाही.

प्रवेश, परीक्षा अर्ज आणि निकालासाठी राज्याची यूयूसीएमएस प्रणाली आहे, शिष्यवृत्तीसाठी वेगळे पोर्टल आहे. तिथे आमची मुले अर्जदार म्हणून रोज जातात. अर्ज भरा, शुल्क भरा, निकाल पाहा. त्यांचे म्हणणे काय, हे विचारणारी जागा तिथे नाही.

भाषेचाही प्रश्न आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद इकडे, आजच्या कर्नाटकात राहिले. घरची भाषा मराठी, कचेरीची कन्नड. कन्नड आम्ही आपुलकीने शिकतो. तरी मराठी शाळेतून आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलाला फलकावरची सूचना उमगेपर्यंत नावनोंदणीची तारीख उलटून जाते.

म्हणून आमच्या मागण्या :

1. प्रत्येक सूचना फलकावर लागेल त्याच दिवशी फोनवर यावी. कन्नड व इंग्रजीसोबत मराठीतही यावी.

2. स्पर्धा, मंडळे, शिबिरे यांची नावनोंदणी ऑनलाइन व्हावी. व्याख्यानांचे ध्वनिमुद्रण ठेवावे. तालमींची निदान एक फेरी तासिकांच्या वेळेत घ्यावी. पडद्यावर सगळेच शिकता येत नाही.

3. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत ऑनलाइन तक्रार नोंदवण्याची सोय हवी आणि तक्रार 15 दिवसांत निवारण समितीपुढे जायला हवी. ही सोय प्रवेशाच्या दिवशीच विद्यार्थ्यांना दाखवून द्यावी.

4. दर सत्रात विद्यार्थ्यांची मते ऑनलाइन मागवावीत. त्यांतले काय मान्य झाले, काय नाही आणि का, हे महिन्याभरात जाहीर करावे. उत्तर मिळत नसेल तर पुढच्या वेळी कुणी मत देत नाही.

5. आयोगाच्याच 2021 च्या विनियमांनुसार एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावरून घेता येतात. याचे मार्गदर्शन करणारा एक प्राध्यापक नेमावा.

6. हस्तलिखित व भित्तिपत्रक ऑनलाइनही काढावे. त्यात मराठी, कन्नड, उर्दू, हिंदी अशा सर्व भाषांतले लेखन यावे आणि संपादन विद्यार्थ्यांकडे असावे.

7. मुलींचे फोन क्रमांक सर्वांना दिसतील अशा गटांत त्यांना घालू नये. सूचनांसाठी एकतर्फी वाहिनी आणि चर्चेसाठी प्राध्यापकांच्या देखरेखीखालचा गट, अशी विभागणी करावी.

8. ज्यांच्या घरी एकच फोन आहे, तोही वडिलांसोबत शेतात जातो, त्यांच्यासाठी ग्रंथालयातील संगणक मधल्या सुट्टीत खुले ठेवावेत. फोन नाही म्हणून कुणाची संधी जाऊ नये.

यांपैकी 1, 3 आणि 7 या मागण्यांना मोठा खर्च लागत नाही. त्या येत्या सत्राच्या आरंभीच मान्य व्हाव्यात. उरलेल्यांसाठी प्राचार्य, विद्यार्थी व पालक यांची संयुक्त बैठक बोलवावी आणि निर्णय लेखी कळवावा.

आमचा वाटाही आम्ही उचलू. सूचनांचा मराठी अनुवाद वरच्या वर्गांतील विद्यार्थी विनामोबदला करतील. मुलीच्या हातात फोन दिसला की संशय घेणाऱ्या घरांची समजूत आम्ही पालक घालू. संध्याकाळी बसमधून उतरलेल्या मुलीला रात्री घरी बसून महाविद्यालयाच्या अंकासाठी कविता पाठवता यावी, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे.

आपले,
मेहकर व परिसरातील विद्यार्थी आणि पालक